ठाण्यात सीपीआरचा कोर्स केला, डिजिटल कार्ड कुठे मिळेल? हॉस्पिटलवाले ते खरं आहे का कसं तपासतात?

अमेरिकन हार्ट असोसिएशनचा बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, यातच सीपीआर शिकवतात) कोर्स असेल तर आधी मेलच्या स्पॅममध्ये बघा, कार्ड क्लेम करायची लिंक तिथेच पडून असते बऱ्याचदा. नसेल तर त्यांच्या साइटवर 'माय कार्ड्स' मध्ये नाव आणि कोर्सला दिलेला तोच ईमेल टाका. तरीही नाही आलं तर इन्स्ट्रक्टरला फोन करा, मेल आयडीत एक अक्षर चुकलं तरी कार्ड सापडत नाही आणि दुरुस्ती ट्रेनिंग सेंटरच करून देतं.

एचआरला नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका हो, कार्डावरचा ई-कार्ड कोड द्या, तो साइटवर टाकला की खरं-खोटं लगेच कळतं, क्यूआर कोडपण असतो. मुदत 2 वर्षं, तारीख बघून ठेवा. आणि ऑनलाइन भाग झाला तरी छाती दाबायची हँड्स-ऑन परीक्षा दिल्याशिवाय बीएलएसचं कार्ड मिळत नाही, त्यामुळे 'घरबसल्या लगेच कार्ड' म्हणणाऱ्यांना पैसे अजिबात देऊ नका.