'तुंबाड' काहींना भन्नाट वाटतो, तर काहींना त्यात भीतीच वाटत नाही, असं का?

कारण दोघं वेगवेगळा सिनेमा बघायला गेलेले असतात. दार करकरणार, आरशात मागे कोणीतरी दिसणार, या तयारीने गेलात तर 'तुंबाड' फसवतो. माझा मेहुणा मध्यंतरात समोसा खाता खाता म्हणाला, "अरे, पण भूत कुठंय?"

मला विचाराल तर पहिला अर्धा तासच खरा भीतीचा. साखळदंडाने बांधलेली ती म्हातारी, तिला भरवायला गेलेलं पोर आणि हस्तर या लोभी, शापित देवाचं नाव ऐकताच तिला लागणारी झोप. पुढे ते पोर, म्हणजे विनायक, मोठं होतं आणि भीतीची जागा हाव घेते. आमिष म्हणून कणकेची बाहुली घेऊन विहिरीत उतरायचं आणि हस्तरच्या लंगोटीतून मोहरा काढायच्या. हे एकदा कळलं की हस्तर दचकवत नाही, कसरतच वाटते. नाराज मंडळींचं इथपर्यंत मला पटतं.

पण तो सततचा पाऊस, ओल धरलेल्या भिंती आणि बापाचं बघून लोभ शिकणारा विनायकचा मुलगा पांडुरंग ज्यांना भिडतो, त्यांना दचकायची गरजच पडत नाही.

मराठी प्रेक्षकांची एक तक्रार मात्र रास्त आहे: कोकणातल्या वाड्यात सगळे हिंदी बोलतात! मलाही ते खटकलं.

बाकी, २०१८ मध्ये थिएटरात बेताचाच चाललेला हा सिनेमा सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा त्याने पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमवला. मेहुणा तेव्हाही आला नाही.