मागाचा आवाज लपवू नकोस

प्रश्न : मी इचलकरंजीचा. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. वेगळेपण टिकावं म्हणून दुसऱ्यांचं संगीत मुद्दाम ऐकत नाही. याचं रीतसर शिक्षण घेतलं तर मीही सगळ्यांसारखाच होईन का? आणि यावर पोट भरतं का? वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आहेत. घरी अजून काहीच बोललेलो नाही. तीन रचना आणि त्यातल्या एकीचं मूळ रेकॉर्डिंग सोबत पाठवतो आहे.

उत्तर :

प्रिय मित्रा,

तिन्ही रचना हेडफोन लावून सलग ऐकल्या. तुला कान आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते. तिन्ही एकाच साच्यातल्या आहेत. खाली न हलणारा घरघरता स्वर, वर खरखर आणि तुटक टिकटिक, सगळ्यावर रिव्हर्बचा, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याचा, थर आणि शेवटी आवाज खाडकन कापलेला. हे तू कुणाचं उचललं नाहीस, यावर माझा विश्वास आहे. पण तो साचा तुझ्या सॉफ्टवेअरमध्येच भरलेला आहे. नव्वदच्या दशकात जर्मनीतल्या ओव्हाल या गटानं सीडीवर मार्करनं रेघोट्या मारून ती अडखळायला लावली आणि त्या अडखळण्यातून संगीत उभं केलं. तेव्हा ते धाडस होतं. आज तोच परिणाम एका बटणावर मिळतो. कुणाचंच ऐकायचं नाही असं ठरवलं की माणूस नकळत कंपनीनं निवडून ठेवलेल्या आवाजांतच फिरत राहतो.

आता मूळ रेकॉर्डिंगबद्दल. खरं तर मला त्याबद्दलच बोलायचं आहे. त्यात साध्या मागांचा धडाका आहे. आडवा धागा नेणारा धोटा एकदा डावीकडून फेकला जातो, एकदा उजवीकडून, आणि प्रत्येक फटक्याला आवाजाची जागा बदलते. मध्येच एक जागा अशी येते की शेजारशेजारचे दोन माग, वेगात जरासा फरक असल्यानं, हळूहळू एका ठेक्यात येतात, क्षणभर एकच माग चालल्यासारखं वाटतं आणि पुन्हा सुटे होतात. मी ते परत परत ऐकलं. तुझ्या रचनेत मात्र यातलं काहीच उरलेलं नाही. आवाज इतका ताणला आणि रिव्हर्बमध्ये बुडवला आहेस की तो मागाचा आहे हे कळू नये. पत्रात तू अभिमानानं लिहितोस, ‘कुणालाही ओळखता येणार नाही’.

आवाज ओळखू येऊ नये, हा नियम तुझा नाही. पॅरिसच्या रेडिओवरचा अभियंता पिएर शेफेर यानं १९४८ साली बातिन्योल स्टेशनात आगगाड्यांची इंजिनं रेकॉर्ड केली आणि तबकड्यांवर तुकडे फिरवून त्यातून रचना केली. ऐकणाऱ्यानं इंजिन विसरावं, आवाजाचा नुसता आकार ऐकावा, असा त्याचा आग्रह होता. त्यावर १९६६ साली त्यानं जाडजूड ग्रंथच लिहिला. पुढे त्याच्या वर्तुळात तो आग्रह जवळपास शिस्तीचा भाग झाला. ती शिस्त मोडली कुणी? त्याच वर्तुळात वर्षानुवर्षं काम केलेल्या संगीतकार ल्युक फेरारीनं. आजच्या क्रोएशियातल्या दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरच्या एका मासेमारीच्या गावातल्या पहाटा त्यानं टेप केल्या आणि १९७० पर्यंत त्यातून वीसेक मिनिटांची रचना केली. होड्यांची इंजिनं, माणसांची बोलणी, किडे, सगळं जसंच्या तसं ओळखू येतं. फेरारीला तो नियम पुरता ठाऊक होता, म्हणून नेमका कुठे मोडायचा तेही कळलं. तू तोच नियम नाव न कळता पाळतो आहेस.

आणि ते दोन माग एकत्र येऊन सुटतात ना, तसंच काहीसं अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइखला १९६५ साली दोन टेपरेकॉर्डरांवर सापडलं होतं. एकच बोलणं दोन यंत्रांवर लावलं, वेग किंचित वेगळे, आणि ते एकमेकांपासून सरकत गेलं. हे वाचून ‘म्हणजे माझ्या आधी झालंच की’ असं मनात येईल. झालंय. पण राइखकडे धोटा नव्हता, डावी-उजवी फेक नव्हती, वीज गेल्यावर एकेक करून थांबत जाणारी शेड नव्हती. त्याचं काम ऐकलंस तरच तुझ्याकडे काय जास्तीचं आहे ते तुला दिसेल. या महिन्यात शेफेर, फेरारी, राइख आणि संथ, लांबलचक स्वरांतून रचना करणारी फ्रेंच संगीतकार एलियान रादिग एवढे चौघं ऐक. त्यातल्या एकाची रचना कानानं उलगडून हुबेहूब नक्कल कर. ती कुठे लावू नकोस, सरावासाठी कर.

शिक्षणाचं म्हणशील तर आधी पदवी पूर्ण कर. सिग्नल प्रोसेसिंगमधलं फूरिए (आवाजातले घटक स्वर वेगळे काढण्याचं गणित) आणि फिल्टर डिझाइन तुझ्या कामात रोज लागणार आहे. प्युअर डेटा आणि सुपरकोलायडर ही आवाज घडवण्याची दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. त्यांत आयते आवाज फारसे नसतात, सगळं स्वतः बांधावं लागतं, म्हणून तुझ्यासाठी तीच योग्य. त्यानंतर पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटचा ध्वनीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पाहा. कुठलीही पदवी आणि बारावीला फिजिक्स असलं की प्रवेश परीक्षेला बसता येतं. अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत तपासून घे. ती संस्था प्रभात स्टुडिओच्या जागेवर उभी आहे. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये प्रभातनं पार्श्वसंगीत वापरलंच नाही, प्रसंगातल्या आवाजांवरच भिस्त ठेवली. परदेशातलं म्हणशील तर हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीतली सोनोलॉजी इन्स्टिट्यूट अगदी याच विषयाची आहे. पण युरोपबाहेरच्यांना फी जड पडते, शिष्यवृत्तीशिवाय तो विचार आत्ता नको.

पोटाचं सांगायचं तर नुसत्या प्रायोगिक संगीतावर घर चालेल असं मी तुला सांगणार नाही. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंड या जपानी कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली. रागही रीतीचे, ठेकाही रीतीचा, पण दोन्ही एकत्र आल्यावर जे झालं ते १९८७ मध्ये शिकागोतून गाजलेल्या ॲसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची आठवण करून देतं. ती तेव्हा खपली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभर नाव झालं. मधल्या काळात या रेकॉर्डवर त्यांचं घर चाललं नाही. ते चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे कसलेले वादक होते. तुलाही अशी एक बाजू हवी. सिनेमा, मालिका, नाटक, गेम यांच्या ध्वनीचं काम, नाहीतर ऑडिओ उपकरणांचं इंजिनिअरिंग. दुसऱ्या वाटेची अर्धी तयारी तुझी आत्ताच चालू आहे.

घरी बोलायला घाबरतोस, पण या कामातला जाणकार तुझ्या घरातच आहे. जॉबर माग उघडायच्या आधी ऐकतो. कुठला माग बिघडलाय, हे त्याला बऱ्याचदा आवाजावरूनच कळतं. सुट्टीत गेलास की वडिलांना हेडफोन दे, मूळ रेकॉर्डिंग लाव आणि कुठल्या मागाला काय झालंय ते विचार. ते सांगतील ते लिहून घे. करिअरचा विषय त्यानंतर काढ, आधी नको.

तुझ्या अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी माझी सूचना आहे : त्याच शेडमध्ये चार-सहा माइक लावून मागांचं रेकॉर्डिंग, त्यांचे ठेके एकमेकांपासून कसे सरकतात याचं मोजमाप, आणि त्यावरून रिव्हर्ब न लावता केलेली एक रचना. पदवीलाही चालेल, फिल्म इन्स्टिट्यूटच्या मुलाखतीतही दाखवता येईल. साधे माग भंगारात जाऊन धोटा नसलेले रेपियर माग येताहेत, तेव्हा रेकॉर्डिंग याच सुट्टीत उरक. कॉलेजात विषय नोंदवण्याआधी मला कळव, गाइड म्हणून कुणाला विचारायचं ते ठरवू.