किरकोळ सूर्यग्रहणासाठी जुना शब्द : अनादेश्य

प्रश्न असा आहे : प्राचीन काळातलं एखादं सूर्यग्रहण, ज्यात सूर्याची जेमतेम कड झाकली गेली, त्याला आपल्याकडे वेगळा शब्द होता का? 'अल्पग्रास' लिहिलेलं चालेल का?

अल्पग्रास खुशाल लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळेल. पण सिद्धान्तग्रंथांत, म्हणजे ग्रहगणिताच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत, याहून नेमका शब्द आहे आणि तो विसरला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं : अनादेश्य. आर्यभटाने इ. स. 499च्या 'आर्यभटीया'त, गोलपाद या प्रकरणात म्हटलं आहे, 'अर्काष्टमभागो भवत्यनादेश्यः'. सूर्याचा आठवा भागच झाकला जाणार असेल, तर ते ग्रहण सांगू नये. कारणही तिथेच दिलं आहे : सूर्याचं तेज प्रखर, त्यामुळे एवढासा ग्रास डोळ्यांना जाणवत नाही.

मराठीत आदेश म्हणजे हुकूम, म्हणून शब्द चमत्कारिक वाटतो. ज्योतिषात मात्र आदेश म्हणजे आधी वर्तवणं. 'फलादेश' या शब्दात तो अर्थ आजही शिल्लक आहे. अनादेश्य म्हणजे गणिताने येतं, पण लोकांना सांगण्याजोगं नाही असं. खग्रास, खंडग्रास हे शब्द बिंब किती झाकलं ते सांगतात. अनादेश्य हा शब्द बघणाऱ्याच्या डोळ्याचा विचार करतो. मला त्याचं मोल वाटतं ते यासाठीच.

मर्यादा कुठे आखायची, यावर मात्र एकमत नव्हतं. सूर्यसिद्धान्त म्हणतो, सूर्याच्या तीन लिप्ता ग्रासल्या तरी दिसत नाहीत. लिप्ता म्हणजे कला, अंशाचा साठावा भाग. सूर्यबिंब सुमारे 32 कलांचं, म्हणजे हा साधारण अकरावा भाग झाला. भास्कराचार्यांनी 1150च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त सूर्यासाठी बारावा भाग धरला आणि चंद्रासाठी सोळावा. त्यांचे शब्द : 'नादेश्योऽतोऽल्पो ग्रहो बुद्धिमद्भिः'. म्हणजे याहून अल्प ग्रहण जाणत्यांनी सांगू नये. इथे ग्रह म्हणजे ग्रहण. 'अल्प' हे विशेषणही तिथे आहेच, तेव्हा तुमच्या अल्पग्रासालाही चांगला आधार मिळतो.

हे भाग व्यासावर मोजायचे, क्षेत्रफळावर नाही. व्यासाचा आठवा भाग झाकला, तरी तबकडीचा जेमतेम वीसावा हिस्सा झाकला जातो. आर्यभटाची मर्यादा पहिल्यांदा वाचताना फार सैल वाटते. हा हिशेब केला की तशी वाटत नाही.

लिहिताना एक सांभाळा. ग्रहणाचा प्रकार म्हणून 'खंडग्रास' ठेवा आणि 'अनादेश्य' नेहमी गावाच्या नावासोबत वापरा : 'हे ग्रहण उज्जयिनीला अनादेश्य होतं.' तेच ग्रहण त्याच दिवशी दुसरीकडे खग्रास असू शकतं.