तिप्पट झाली की तिपटीने वाढली?

सोलापूरच्या एका एम.एस्सी. विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. डाळिंबाच्या रोपांवर फवारणी करून एका जनुकाची अभिव्यक्ती (म्हणजे ते जनुक किती सक्रिय आहे) मोजली. न फवारलेल्या रोपांत 10, फवारलेल्यांत 30. मराठी सारांशात 'तिपटीने वाढली' लिहावं की 'दुपटीने'?

हिशेबाने वाढ 20 ची, म्हणजे मूळच्या दुप्पट. पण झाली तिप्पट. 'तिपटीने वाढली' काटेकोर वाचलं तर 40 होतात. मार्केट यार्डात 'भाव दुपटीनं वाढला' म्हटलं की सगळे 'दुप्पट झाला' असंच समजतात, तिथे ते चालतं. प्रबंधात 'तिप्पट झाली' लिहा. इंग्रजी शोधनिबंधांतला 'फोल्ड चेंज' म्हणजे नंतरचा आकडा भागिले आधीचा, एवढंच.

टक्क्यांत तर सगळा भार प्रत्ययावर असतो. समजा 40 टक्के फळांवर तेल्या (डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग) होता, तो 10 टक्क्यांवर आला. '75 टक्क्यांनी घटला' हेही खरं, आणि '30 टक्क्यांनी घटला' म्हणणाराही वजाबाकी बरोबरच करतोय. सोलापूरजवळ केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. त्यामुळे असले निष्कर्ष आपल्याकडे बागाईतदारही वाचतात. त्यांच्यासाठी '40 वरून 10 वर' हे दोन्ही आकडे द्यावेत, 'नी'च्या भानगडीत पडूच नये.

आता 'चारपट कमी झाली' हा प्रयोग. मला तो मुळीच पटत नाही. एकपट कमी केलं की शून्यच उरतं, मग चारपट कुठून कमी करणार? पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करणाऱ्या भाषेला ही अडचण यायलाच नको होती. पावपट, निमपट, पाऊणपट हे शब्द आपल्याकडे तयार आहेत. वरच्या बाजूला सव्वापट, दीडपट, अडीचपट. 40 चे 10 झाले तर 'पावपट झाले' म्हणा.

गंमत म्हणजे जनुकांच्या तक्त्यांत दोनच्या पायाचा लॉगरिदम (म्हणजे दोनाचा कितवा घात) असतो, त्यात हे शब्द चपखल बसतात : 1 म्हणजे दुप्पट, 0 म्हणजे जैसे थे, उणे 1 म्हणजे निमपट, उणे 2 म्हणजे पावपट. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्रात, दर फेरीला प्रती साधारण दुप्पट होतात, त्यामुळे एका नमुन्यात संकेत दुसऱ्यापेक्षा 3 फेऱ्या आधी दिसला तर त्यात मूळ माल दुसऱ्याच्या सुमारे 8 पट होता, 3 पट नव्हे.

आणि 'कशाच्या पट' ते लिहायला विसरू नका. न फवारलेल्या रोपांच्या तिप्पट आणि त्याच रोपांच्या फवारणीआधीच्या तिप्पट, ही दोन वेगळी विधानं आहेत.