‘ग्रेड ३’ म्हणजे तिसरा टप्पा का?

प्रश्न असा आला आहे: स्तनाच्या कर्करोगाच्या बायोप्सी रिपोर्टात ‘ग्रेड ३’ असतं, त्याचं मराठी करताना ‘तिसरा टप्पा’ लिहिलं तर चालेल का?

अजिबात नाही. टप्पा म्हणजे स्टेज. गाठ केवढी आहे, आजार काखेतल्या लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे तिथल्या छोट्या लसिका ग्रंथींपर्यंत, किंवा त्यापुढे पोचलाय का, हे स्टेज सांगते. ग्रेड सांगते पेशींचा स्वभाव: त्या निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसताहेत आणि किती झपाट्याने वाढू पाहताहेत. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आणि लिम्फ नोड मोकळे, म्हणजे पसरण्याच्या हिशेबाने पहिलाच टप्पा, तरीही ग्रेड ३, असं असू शकतं. अशा बाईच्या घरी ‘तिसरा टप्पा’ लिहिलेला कागद गेला तर केवढी घबराट उडेल!

ग्रेड ठरवताना पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली तीन गोष्टी बघतात: पेशी अजून नळ्यांसारखी रचना करताहेत का, त्यांची केंद्रकं आकाराने किती बिघडलीत, आणि विभाजन चालू असलेल्या पेशी किती दिसतात. प्रत्येकीला १ ते ३ गुण. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ आली तर ग्रेड २, ८ किंवा ९ आली तर ग्रेड ३. ब्लूम आणि रिचर्डसन यांची १९५७ची ही पद्धत नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी १९९१मध्ये अधिक काटेकोर केली. रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून त्यांनी दाखवलं, की या ग्रेडचा रुग्णाच्या जगण्याशी ठळक संबंध आहे. रिपोर्टात म्हणूनच ‘नॉटिंगहॅम ग्रेड’ असं लिहिलेलं असतं.

आता शब्द. ‘दर्जा’ मला मुळीच पटत नाही. ‘हाय ग्रेड’चं ‘उच्च दर्जाचा कर्करोग’ केलं, तर मराठी कानाला ते चांगलंच वाटणार. ‘उच्च श्रेणी’चीही तीच गत. ग्रेड ठरवण्याच्या क्रियेला ‘प्रतवारी’ म्हणावं. कापसाची करतात तशीच, निकष लावून केलेली वर्गवारी. पण ‘पहिल्या प्रतीचा’ म्हटलं की पुन्हा कौतुक डोकावतं, तेव्हा निकालाला ‘ग्रेड ३’च राहू द्यावं. दवाखान्यात सगळे तेच म्हणतात. ‘हाय ग्रेड’ला ‘झपाट्याने वाढण्याकडे कल असलेला’ असं लिहावं, आणि ‘पुअरली डिफरन्शिएटेड’ला ‘निरोगी पेशींशी फारसं साम्य न उरलेला’. लांब होतं खरं, पण वाचणाऱ्याला कळतं.