क्लबने स्टेडियमचा एक स्टँड बंद केला की फॅन्स एवढे का चिडतात? दुसरीकडे सीट्स रिकाम्या असतातच ना?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधल्या छोट्या क्लबांच्या बातम्यांमध्ये हे सारखं दिसतं, क्लब म्हणतो गर्दी कमी आहे म्हणून एक स्टँड बंद करतोय आणि तिथल्या सगळ्यांना दुसरीकडे सीट देतोय, तरी लोक भडकतात, बॅनर लावतात, आणि वर पुढच्या मॅचचं तिकीटही काढतात, तर हे नेमकं काय आहे. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलो, नोकरीसाठी काही वर्षं तिकडे मिडलँड्समध्ये होतो आणि तिसऱ्या डिव्हिजनमधल्या एका क्लबचं सीझन तिकीट काढायचो. आमचाच स्टँड बंद झाला होता, त्यामुळे यावर बोलू शकतो. क्लबचं नाव मुद्दाम घेत नाही.

सीट मिळते हो, तक्रार सीटची नसतेच. वर्षानुवर्षं आजूबाजूला बसणारी माणसं पांगतात याचा राग असतो, आणि त्याहून मोठा राग असतो की हे सगळं न विचारता, खरं कारण न सांगता केलं जातं.

आधी सीझन तिकीट म्हणजे काय ते सांगतो कारण आपल्याकडे तशी पद्धत फारशी नाही. त्या डिव्हिजनमध्ये 24 टीम असतात, म्हणजे लीगच्या 23 मॅच घरच्या मैदानावर, आणि त्या सगळ्यांसाठी तुमची एकच ठरलेली सीट. पुढच्या वर्षी रिन्यू केलं की परत तीच. लोक वीस वीस, तीस तीस वर्षं एकाच सीटवर बसतात, आधी वडील बसायचे आता मुलगा बसतो असंही खूप असतं. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे, थर्मासमधला चहा झाकणात ओतायचे, ते झाकण गुडघ्यांत धरायचे आणि मग खिशातून पेपरमिंटचा पुडा काढून अख्ख्या रांगेत फिरवायचे, बरोब्बर किकऑफच्या आधी, आणि मॅच सुरू झाल्यावर कोणी आला तर त्याला मिळायचं नाही, हा नियमच होता. त्यांच्या शेजारी एक बाई आणि तिचा मुलगा, सुरुवातीला तो मुलगा सीटवर उभा राहिल्याशिवाय त्याला मैदान दिसायचं नाही आणि नंतर नंतर रेफ्रीवर ओरडायला तोच सगळ्यात पुढे. आमच्या आणि डावीकडच्या गोलपोस्टच्या मध्ये छपराचा एक लोखंडी खांब यायचा, तिकडे कॉर्नर मिळाला की अख्खी रांग एकदम उजवीकडे झुकायची, कोणी कोणाला सांगायचं नाही, सवयच झाली होती. मी पहिल्या हिवाळ्यात जाम कुडकुडायचो तर त्याच आजोबांनी एक दिवस घरून पुठ्ठा आणून दिला आणि म्हणाले पायाखाली ठेव, काँक्रीटची थंडी वर चढते. परक्या गावात माझ्याशी आपणहून बोललेली पहिली माणसं म्हणजे ही रांग.

इकडे परत आल्यावर आम्ही मित्र रात्री कोणाच्या तरी घरी मॅच बघायला जमतो तेव्हा एकदा हा विषय निघाला आणि माझे मामा अगदी तुमच्यासारखंच म्हणाले, अरे सीटच ना, दहा पावलं बाजूला बस. मामा क्रिकेटवाले, रणजीच्या मॅचला मोतीबागेत वर्षानुवर्षं जात आलेले. मी त्यांना विचारलं की मामा, तुम्ही तिकडे कुठे बसायचा? तर लगेच सांगायला लागले, अमुक बाजूला, सावली सरकायची तसे आम्हीही सरकायचो, कोणाच्या डब्यात लीलो चिवडो असायचा, कोण स्कोअर लिहायचा, सगळं. मग म्हटलं की उद्या कोणी सांगितलं असतं की ती बाजू बंद, तुम्ही चौघं चार वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसा, मॅच तीच आहे, तर? मामा म्हणाले मग मी घरी रेडिओच नसता ऐकला? बस, एवढंच आहे.

आता क्लब स्टँड बंद का करतात ते बघू, कारण सगळी कारणं सारखी नसतात आणि फॅन्सही सगळ्यांवर सारखे चिडत नाहीत, हे बातम्यांमध्ये नीट येत नाही.

सेफ्टीचं कारण असेल तर जवळजवळ कोणीच वाद घालत नाही. तिकडे त्या आठवणी फार जवळच्या आहेत. 1971 मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर जिन्यात चेंगराचेंगरी होऊन 66 माणसं गेली, त्यानंतर 1975 मध्ये कायदा आला आणि मोठ्या मैदानांना लोकल कौन्सिलचं सेफ्टी सर्टिफिकेट सक्तीचं झालं. तरी 1985 मध्ये ब्रॅडफर्डला लाकडी स्टँड पेटला, खाली वर्षानुवर्षांचा कचरा साठलेला होता, 56 माणसं गेली. 1989 मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली, त्यातल्या मृतांचा आकडा आज 97 आहे. आपल्याकडे 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान–ईस्ट बंगाल मॅचमध्ये 16 जण गेले, कोलकात्यात आजही तो दिवस पाळतात. त्यामुळे इंजिनियरने सांगितलं की छप्पर किंवा जिना धोक्याचा आहे तर स्टँड बंदच झाला पाहिजे, त्याच दिवशी, यात चर्चा कसली करायची. कोलकात्याच्याच सॉल्ट लेक स्टेडियमचं बघा, 1997 च्या फेडरेशन कपच्या सेमीफायनलला तिथे 1,31,781 लोक होते आणि आता तिथे सत्तर हजारांच्या आतच बसतात, बाकांच्या जागी एकेक सीट आली. क्षमता निम्म्यावर आली, पण का ते प्रत्येकाला डोळ्यांनी दिसतं.

दुसरं म्हणजे शिक्षा म्हणून बंद. फेब्रुवारी 2017 मध्ये डॉर्टमुंडच्या काही लोकांनी लाइपझिगच्या फॅन्सवर हल्ला केला, घाणेरडे बॅनर लावले, आणि जर्मन फुटबॉल असोसिएशनने वोल्फ्सबर्गविरुद्धच्या मॅचला त्यांचा अख्खा दक्षिणेकडचा स्टँड बंद ठेवायला लावला, तिथे जवळपास 25 हजार लोक उभे राहून मॅच बघतात. मारामारी केली थोड्यांनी आणि घरी बसले 25 हजार. मला ही शिक्षा चुकीची वाटते, हल्ला करणारे शोधून त्यांना आयुष्यभर बंदी घाला ना, पण निदान कारण आणि मुदत तरी सगळ्यांना माहीत होती, एक मॅच.

आणि तिसरं पैशाचं. इथेच खरी बोंब आहे आणि तुम्ही ज्या बातम्या वाचल्या त्या याच्या असणार. हिशोब असा असतो की स्टँड उघडा ठेवायचा म्हटलं की तिथे दोनशे माणसं बसोत की चार हजार, गेटवर माणूस लागतो, स्ट्यूअर्ड म्हणजे गर्दी सांभाळणारी माणसं लागतात, फर्स्ट एडवाले, टॉयलेट, सफाई, खाण्यापिण्याचा स्टॉल, सगळं. आणि हे क्लबच्या मर्जीवर नसतं. किती लोक आत घ्यायचे हे नुसत्या सीटा मोजून ठरत नाही, एका तासात गेटमधून किती जण आत येऊ शकतात, आठ मिनिटांच्या आत किती जण बाहेर पडू शकतात, बांधकाम किती धड आहे, स्ट्यूअर्डिंग किती चांगलं आहे, हे सगळं बघतात आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा ती त्या स्टँडची क्षमता. म्हणजे स्ट्यूअर्ड कमी करून अर्धवट उघडा ठेवू म्हटलं तर क्षमता लगेच खाली येते. वरच्या डिव्हिजनमधून खाली घसरलेल्या किंवा उगाच मोठं मैदान बांधून बसलेल्या क्लबला हे फार जड जातं. डार्लिंग्टनने 2003 मध्ये 25 हजार सीटांचं मैदान उघडलं, गर्दी यायची त्याच्या कितीतरी खाली, आणि 2012 मध्ये ते मैदान सोडून जायची वेळ आली. त्यामुळे क्लबवाल्यांची अडचण खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही.

पण आमच्याकडे काय झालं ते ऐका. रिन्यूअल सुरू झालं, आम्ही सगळ्यांनी पैसे भरले, आणि पैसे भरून झाल्यावर उन्हाळ्यात ईमेल आला की ‘ऑपरेशनल कारणांमुळे’ पुढच्या सीझनला हा स्टँड उघडणार नाही, इतक्या तारखेपर्यंत वेबसाइटवर जाऊन दुसरी सीट निवडा. ऑपरेशनल कारण म्हणजे काय? छप्पर पडतंय का? पैसे नाहीत का? कायमचं आहे की एका वर्षाचं? काही नाही. आणि वेबसाइटवर एकट्याने सीट निवडायची, अख्ख्या रांगेने मिळून एकत्र जागा मागायची सोयच नव्हती. ज्याने आधी लॉगिन केलं त्याला चांगली सीट, आजोबांसारख्या माणसाला कोण लॉगिन करून देणार? त्यांना शेवटी मैदानाच्या कोपऱ्यात अगदी वरच्या रांगेत सीट मिळाली, गुडघे दुखणाऱ्या माणसाला. दोन-तीन मॅच आले आणि मग यायचे बंद झाले. त्या बाईला आणि मुलाला मिळालेली सीट जास्त महाग होती, फरक त्यांनीच भरायचा. हे मला आजही पटत नाही. तुम्ही माणसाला त्याच्या जागेवरून उठवताय तर वरचे पैसे त्याच्याकडून कसे घेता?

आवाजाचंही सांगतो कारण टीव्हीवर बघणाऱ्यांना ते कळत नाही. आमचा स्टँड जुना, छप्पर पत्र्याचं आणि बुटकं, मागच्या रांगेतून गाणं सुरू झालं की आवाज पत्र्याला आपटून परत खाली यायचा आणि दोन ओळींत सगळा स्टँड त्यात यायचा. आम्हाला तीन स्टँडमध्ये विखरून टाकल्यावर एका बाजूला गाणं सुरू व्हायचं, दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत इकडचं संपलेलं असायचं, थोड्या वेळाने लोकांनी नादच सोडला. मग मैदान शांत, शांत मैदानात नवीन माणूस एकदा येतो आणि परत येत नाही, गर्दी अजून घटते आणि क्लब म्हणतो बघा, बंद केलं तेच बरोबर होतं!

गर्दी परत आणता येतच नाही असं काही नाही. संडरलँड तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरलेलं असताना 26 डिसेंबर 2018 ला ब्रॅडफर्डविरुद्धच्या मॅचला 46,039 लोक आले होते. एवढा मोठा क्लब सगळेच नसतात, मान्य आहे, पण घसरला म्हणजे लोक संपले असं होत नाही. आणि मालक ऐकतच नाहीत असंही नाही, 2016 मध्ये लिव्हरपूलने 77 पाउंडचं तिकीट आणायचं ठरवलं तर मॅचच्या 77 व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर गेले, आणि काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दर मागे घेतले.

आमच्या फॅन्सचं म्हणणं काही जगावेगळं नव्हतं. रिन्यूअलच्या आधी सांगा, खरं कारण सांगा, पैशाचं असेल तर पैशाचं म्हणा, आम्ही समजून घेऊ, आमच्यातले निम्मे लोक स्वतः दुकानं आणि वर्कशॉप चालवणारे होते, त्यांना हिशोब कळत नाही का. एकत्र बसणाऱ्यांना एकत्र हलवा, म्हाताऱ्या माणसांना फोन करून विचारा, महाग सीट द्यायची वेळ आली तर जुन्याच दरात द्या. आणि किती सीझन तिकिटं विकली गेली तर स्टँड परत उघडाल तो आकडा सांगा, तिकिटं विकायला आम्ही स्वतः फिरू. यातल्या कशालाही फार पैसे लागत नाहीत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, एवढं चिडूनही तिकीट का काढतात. अहो क्लब बदलता येत नाही ना. दुकान आवडलं नाही तर दुसऱ्या दुकानात जाल, पण ज्या गावचे आहात त्या गावचा क्लब एकच असतो. आणि सगळ्यांनी पाठ फिरवली तर तो स्टँड कधीच उघडणार नाही हे फॅन्सना पक्कं माहीत असतं, म्हणून पहिली दहा मिनिटं गप्प बसायचं, बॅनर लावायचं, सपोर्टर्स ट्रस्ट म्हणजे फॅन्सच्या संघटनेमार्फत पत्रं लिहायची आणि तिकीट मात्र काढायचं, असं चालू राहतं. 2025 मध्ये तिकडे फुटबॉलसाठी नवीन कायदा झाला, स्वतंत्र रेग्युलेटर आला, घरचं मैदान विकायचं किंवा हलवायचं असेल तर त्याची मंजुरी घ्यायची आणि फॅन्सशी बोलणं क्लबांवर बंधनकारक, अशी त्या कायद्यात तरतूद आहे. याचा आमच्यासारख्या स्टँडना कितपत उपयोग होईल ते पुढे दिसेल, पण निदान पत्राला उत्तर तरी द्यावं लागेल. आमच्या रांगेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून चालू आहे, मीही त्यात आहे, ट्रस्टने क्लबला लेखी विचारलंय की किती तिकिटं विकली तर स्टँड उघडाल, आणि त्या आकड्याची सगळे वाट बघतायत.