कला अकादमीत नाटक, मग जेवण: आधी एवढं बघ

पणजीत नाटक बघून बाहेर जेवायचं ठरवलंस, तर आधी नाटक किती लांबीचं आहे ते विचार. कांपालच्या कला अकादमीतलं तीन अंकी नाटक मध्यंतर धरून सहज तीन तास घेतं. साडेसातला पडदा वर गेला की सुटेपर्यंत साडेदहा, आणि तोवर बऱ्याच स्वयंपाकघरांत भांडी घासायला लागलेली असतात. म्हणून दुपारीच फोन कर, शेवटची ऑर्डर किती वाजेपर्यंत घेतात ते नीट विचारून घे.

मला विचारशील तर नाटकाआधी हलकं खावं. भाजी-पाव आणि चहा पुरे. हुमण-भात, म्हणजे माशाची आमटी आणि भात, चापून पहिल्या अंकात डुलक्या घेणं हा नटांवर अन्याय आहे, माझं हे ठाम मत.

नंतर मासे खायचे तर मेन्यूकार्ड बाजूला ठेव आणि वेटरला "आज ताजं काय?" असं सरळ विचार. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी, म्हणजे यांत्रिक बोटींनी मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत इसवणाचा (सुरमईचा) हट्ट नको, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं किंवा सुंगटाचं किसमूर, म्हणजे सुक्या कोळंबीची खोबरं घातलेली कोशिंबीर, मागव. रवा फ्रायचा तुकडा काट्याने दाबून बघ: वरचा रवा कुरकुरीत आणि आतलं मांस पापुद्र्यांनी सुटलं, तर मासा चांगला.

चित्रं बघायची असतील तर आल्तिनो टेकडीवरचं सुनापरांत हे कलाकेंद्र दिवसाउजेडी कर, मग फोंतेन्यात, पणजीच्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत, उतर. तिथल्या गल्ल्या अरुंद, गाडी बाहेरच लाव.